तांबड्या गाडीच्या फाइलमधली एक ओळ

दुबईहून परत आलेल्या माणसाला आमच्या गल्लीत पहिला प्रश्न असतो सोन्याच्या भावाचा आणि दुसरा उंच इमारतींचा. या जानेवारीत मी तीन आठवडे शारजात मुलीकडं राहून कोल्हापूरला परतलो, तेव्हा मलाही तेच विचारलं गेलं. काहीबाही सांगून मी वेळ मारून नेली. खरं म्हणजे सोनं किंवा इमारती यांतलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. एका जुन्या इटालियन गाडीच्या फाइलमध्ये आठ वर्षांपूर्वी मी माझ्या हातानं एक खोटी ओळ लिहिली होती. त्या ओळीनं हसन परकार या चांगल्या कारागिराचं नाव गेलं. ती खोटी आहे हे गाडीच्या मालकाला तोंडावर सांगायचं, एवढ्यासाठी मी एकाहत्तराव्या वर्षी विमानात बसलो. आता सगळं लिहून ठेवतो आहे, कारण नुसतं सांगितलेलं लोक विसरतात आणि सांगणारा सोयीनं बदलतो.

आधी गाडी. अठ्ठ्याऐंशी ते अठ्ठ्याण्णव अशी दहा वर्षं मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजचा फोरमन होतो. मालक तिथलेच अरब. तिकडं माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात, तसे ते अबू सैफ, म्हणजे सैफचे वडील. आम्ही कामगार त्यांना अरबाब म्हणत असू. त्यांच्याकडं साठच्या दशकातल्या तीन इटालियन स्पोर्ट्‌स गाड्या होत्या. त्यांतली जिवाची म्हणजे चौसष्ट सालची, दोन दारांची, लाल. आम्ही तिला तांबडी म्हणायचो.

ही गाडी बनली थंड डोंगरातल्या वळणांसाठी आणि नांदायला आली अशा मुलखात, जिथं मे महिन्यात बॉनेटला हात लावला तर फोड येतो. इंजिन ॲल्युमिनियमचं, त्यावर दोन कार्ब्युरेटर. तिकडची वाळू आपल्यासारखी खरखरीत नसते, पावडरीसारखी मऊ असते आणि कुठंही शिरते. रबराचे भाग दोन उन्हाळ्यांत पापडासारखे मोडायचे. इटलीहून सुटा भाग मागवला की दोन-दोन महिने वाट बघावी लागे, म्हणून मी सुट्टीवर आलो की कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीच्या लेथवर ब्राँझचे बुश, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या कड्या, करून घ्यायचो आणि चटणीच्या डब्याशेजारी बॅगेत भरून न्यायचो. एकदा विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं चटणी सोडली आणि बुश अडवले.

नोव्हेंबर ते मार्च हे तिचे चालायचे महिने. पहाटेच्या नमाजानंतर अबू सैफ ती धैदच्या रस्त्याला काढत आणि मला शेजारी बसवत. या गाडीत बोलायचं नाही, ऐकायचं, असा त्यांचा नियम होता. दोन्ही बाजूंना वाळू, मधेच घाफची झाडं, कधी रस्त्यात उंट. तीन हजारांच्या वर फेरे गेले की इंजिनाचा आवाज बदलायचा, भजनात टाळ चढत जावा तसा. मी तो आवाज ऐकण्यासाठीच दहा वर्षं घरापासून लांब राहिलो असं म्हटलं तर बायकोला राग येईल, पण थोडंफार खरं आहे.

प्रत्येक गाडीची एक फाइल असे. कोणत्या दिवशी कोणता नट सोडला, कुणी सोडला, कुणी बसवला, सगळं त्यात. जुनी गाडी अर्धी पत्र्यात असते आणि अर्धी या कागदात, असं अरबाब म्हणत. लिहिण्याचं काम माझं होतं.

शारजा

मुलगी सुनीता रोल्लापासून, म्हणजे तिथल्या गजबजलेल्या बाजारापासून, दहा मिनिटांवर राहते.  पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पोळ्या करत होती, तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती पोळी उलटत म्हणाली, “बाबा, आठ वर्षं झाली. हसनकाका मजेत असतील गावाकडं. आता कशाला उकरून काढता?”

मजेत असेल तर मी सांगितल्यानं काय बिघडतंय, असं मी म्हटलं.

“हे त्यांच्यासाठी आहे की तुम्हाला बरं वाटावं म्हणून?”

 असले प्रश्न स्वतःला विचारत काम टाळायचं, हे मी आठ वर्षं केलंच होतं. सकाळी बूट घातले आणि निघालो.

इंडस्ट्रियल एरियाला तिकडं आकडे असतात. पठाण टॅक्सीवाल्यानं मला भलत्याच आकड्यात उतरवलं आणि मी तासभर सायलेन्सरच्या आणि जुन्या टायरच्या दुकानांमधून चालत राहिलो. जानेवारी असूनही शर्ट भिजला. एका हॉटेलात दोन दिरहमला डाळ-पराठा खाल्ला, मनातल्या मनात रुपये केले आणि जुन्या सवयीचं हसू आलं. शेवटी आमचं गॅरेज सापडलं, पण तिथं आता फरशांचं गोदाम होतं. जिथं तांबडी उभी असायची तिथं बाथरूमच्या टाइल्स रचल्या होत्या.

गोदामाचा मल्याळी मॅनेजर भला माणूस. अरबाब गॅरेज विकून अबू धाबीला खलिफा सिटीत व्हिला बांधून राहिले आहेत, गाड्याही तिथंच आहेत, असं त्यानं सांगितलं. फोन नंबरही दिला. मग सहज म्हणाला, तुमचा हसनभाई तर इथंच आहे, रोल्लात त्याचं कॅफेटेरिया आहे.

मी खुर्चीवर बसलो. हसन परकार कोकणात, दापोलीकडच्या आपल्या गावी असेल असं मी धरून चाललो होतो. त्याचा व्हिसा रद्द झाला होता, वर्षभराची बंदी लागली होती. मालकाला सांगायचं आणि हसनला एक पत्र लिहायचं, असं माझं ठरलं होतं. पत्र लिहिताना समोर माणूस बसलेला नसतो.

रोल्ला

शुक्रवारी रोल्लात पाय ठेवायला जागा नसते. साइटवरची माणसं सुट्टीचे कपडे घालून आलेली, कुणी गावाकडं फोन करतोय, कुणी मुलीसाठी बाहुली बघतोय. मराठी कानावर पडतं, पण त्यात मधेच अरबी यल्ला आणि खलास येतं, आणि बोलणाऱ्याला ते कळतही नाही.

हसनचं कॅफेटेरिया म्हणजे सहा टेबलं. बाहेर कडक चहाचा वास, आत कोकणातल्या गिऱ्हाइकांसाठी भाकरी आणि तळलेला बांगडा. त्यानं मला दारातच ओळखलं. दाढी पांढरी झाली होती, हात मात्र तेच, लांब बोटांचे.

“मास्तर! वजन घटवलंत की वयिनींनी घटवलं?” म्हणाला आणि मला बसवून न विचारता ताट आणलं.

मी खात होतो आणि तो सांगत होता. वर्षभर गावाला बसला. मग मेव्हण्यानं व्हिसा दिला आणि हे दुकान सुरू केलं. वडील वारले. बहिणीचं लग्न दोन वर्षं लांबलं, पण झालं. त्यानं माझ्या नातवंडांची चौकशी केली. गाड्यांची गोष्ट काढली नाही. मी काढली, तर म्हणाला, “ते सोडलं मास्तर. हा चहा बरा. फार तर उतू जातो.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण गिऱ्हाइकं येत होती, कॅश काउंटरवर त्याला सारखं उठावं लागत होतं. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. मी एवढंच म्हणालो की अरबाबना भेटायला जातोय, तूही चल. तो हसला. अरबाब मला दारात तरी उभा करतील काय, म्हणाला. मी म्हटलं, करतील, ती जबाबदारी माझी. त्याला वाटलं म्हातारा जुनी ओळख करून देतोय. माझ्यासाठी म्हणून तो तयार झाला.

अबू धाबीच्या रस्त्यावर

सोमवारी सकाळी त्याच्या सामानाच्या व्हॅनमधून निघालो. शेख झायेद रोडवर दोन्ही बाजूंना क्रेन उभ्या होत्या. जिथं मी वाळू सोडून आलो होतो तिथं आता मजले चढत होते. हसन गाडी चांगली चालवतो, पण पाच-पाच मिनिटांनी आरशात मागच्या चाकाकडं बघत होता. मला वाटलं सवय असेल.

जबल अलीच्या पुढं उजवं मागचं चाक बसलं. कडेला थांबलो. त्यानं जॅक काढला, स्टेपनी काढली, पाना माझ्या हातात दिला आणि चार पावलं मागं जाऊन उभा राहिला.

“नट तुम्ही आवळा मास्तर.”

मी म्हटलं, अरे, मी एकाहत्तर वर्षांचा आहे.

“मी नाय आवळत. आठ वर्षं झाली. पंक्चर झालं तर दुकानवाल्याला बोलावतो. माझ्या हाताचा भरवसा नाय राहिला.”

मी चाक बदललं. पाचही नट आवळले. मग पाना खाली ठेवला आणि ट्रकांच्या आवाजात, उभ्या उभ्या, त्याला सांगितलं. ते असं.

पंचाण्णवचा दसरा. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तांबडीच्या पुढच्या चाकांचं काम होतं. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जो दांडा जातो त्याचं टोक एका नटानं बसवलेलं असतं आणि नट फिरू नये म्हणून त्यात आरपार पिन घालतात. हसननं दोन्ही बाजूंचं काम पुरं केलं, नट आवळले, पिना घातल्या आणि संध्याकाळच्या नमाजाला गेला. माझी एक खोड होती. दुसऱ्यानं आवळलेला नट सोडून मी पुन्हा आवळत असे. त्या संध्याकाळी चाकांचा कोन किंचित चुकलाय असं मला वाटलं. मी डाव्या बाजूची पिन काढली, नट सोडला, दांडा एक फेरा फिरवला आणि नट हातानं बसवला. शेवटचं आवळायला टॉर्कचा, म्हणजे नेमका जोर दाखवणारा, पाना घ्यायला गेलो, तर गॅरेजमधल्या आमच्या माणसांनी सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडलेली. माझा टॉर्कचा पाना मधोमध, त्याला हळदकुंकू लागलेलं, झेंडूची माळ घातलेली. पूजेला बसलेलं हत्यार दसरा उलटल्याशिवाय उचलायचं नाही, हे माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं. गाडी दोन दिवस कुठं जाणार नव्हती. परवा आवळू, म्हटलं. काम अर्धं असलं की स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचा आमचा नियम होता, मीच केलेला. तो मी पाळला नाही. पूजेची घाई होती.

दसऱ्याला आम्ही हिंदू सुट्टीवर. गॅरेजमध्ये हसन एकटा. अरबाबचे पाहुणे आले, त्यांना फिरवायला अरबाबनी गाडी मागितली, हसननं तेल-पाणी बघून किल्ली दिली. काम त्यानंच पुरं केलं होतं, मग शंका कशाला येईल? धैदच्या रस्त्यावर वळणाला दांडा सुटला. गाडी घाफच्या झाडावर गेली आणि अबू सैफ यांचा खुबा मोडला.

हसननं ऐकलं. मग विचारलं, “म्हणजे मी आवळला होता?”

“आवळला होतास.”

“पिन?”

“पिनही घातली होतीस. मी काढली.”

 मला आठवलं, अपघातानंतर पहिल्या दिवशी तो ठामपणे म्हणाला होता, मी नट आवळला होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, आवळला होता, बहुतेक. ते ‘बहुतेक’ मी ऐकलं होतं आणि त्याच दुपारी फाइलमध्ये लिहिलं होतं, डावीकडचा नट आवळला नाही, कामगार हसन परकार याचा निष्काळजीपणा.

“गॅसची टाकी लावली की मी तीनदा उठून बघतो,” तो म्हणाला. “बायको हसते. अब्बा शेवटपर्यंत सांगत होते, बाबा, हातातल्या कामावर लक्ष ठेव. मला पण तेच खरं वाटलं. मास्तर, तेव्हा का नाय बोललात?”

मी खोटं बोललो नाही. नोकरी गेली असती, सुनीताचं लग्न ठरलं होतं, असं सांगितलं.

“माझी पण बहीण होती.”

नंतर तो व्हॅनमध्ये जाऊन बसला. मला वाटलं परत फिरवेल. त्यानं फिरवली नाही.  पेट्रोल पंपावर त्यानं पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि एक माझ्याकडं न बघता माझ्या मांडीवर ठेवली.

खलिफा सिटी

रुंद रस्ते, पांढऱ्या भिंती, नुकती लावलेली खजुराची झाडं आणि रिकामे प्लॉट. अबू सैफ बाहेरच्या बैठकीत काठी टेकून बसले होते. फोनवर मी फक्त येतो म्हणालो होतो. मागं हसनला बघून त्यांची भुवई चढली, पण पाहुणा दारात आला की त्याला बस म्हणायचंच, हा त्यांचा रिवाज. आम्हाला खजूर आले, गावा आला, म्हणजे वेलदोडा घातलेली त्यांची फिकी कॉफी. इवल्याशा कपात घोटभर ओततात आणि कप हलवून पुरे म्हणेपर्यंत ओततच राहतात. आपल्याकडं चहाच्या पहिल्या घोटालाच कामाचं बोललं तरी चालतं. तिथं आधी तब्येत, मुलं, पाऊस, मग तिसऱ्या कपानंतर काम. मला ते माहीत होतं. तिसऱ्या कपापर्यंत थांबलो तर माझा धीर जाईल हेही माहीत होतं. पहिलाच कप हलवून खाली ठेवला आणि माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. पाट, माळ, पिन, फडकं, काही सोडलं नाही.

 माझं सांगून झाल्यावर त्यांनी फाइल मागवली. चष्मा लावून ती ओळ काढली, वाचली आणि फाइल माझ्यासमोर ठेवली. ते माझ्यावर ओरडतील, हाकलतील, पोलीस बोलावतील, सगळ्याची मी तयारी केली होती. ते हळू आवाजात म्हणाले, “पांचाळ, उस दिन हम तुमसे पूछा. हसन से नहीं पूछा. वो गलती हमारा.”

मग काठीवर जोर देऊन उठले. आठ वर्षांनीही त्यांचा पाय ओढला जात होता, आणि तो माझ्यामुळं ओढला जात होता. ते हसनसमोर गेले, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळावर ओठ टेकले. त्यांच्यात माफी मागायची ती रीत आहे. आमच्याकडं एवढा वडीलधारा, एवढा श्रीमंत माणूस कामगारासमोर असा वाकलेला मी कधी पाहिला नाही. हसन रडला नाही. त्यानं त्यांचा हात धरून त्यांना परत खुर्चीपर्यंत आणून बसवलं.

मी पेन काढून ती ओळ खोडायला गेलो, तर अबू सैफ यांनी पानावर हात ठेवला. “काटना नहीं. नीचे लिखो. जो पढ़ेगा, उसको झूठ भी दिखना चाहिए.”

मी खाली लिहिलं. वरची ओळ खोटी आहे. हसन परकार यानं नट आवळला होता आणि पिन घातली होती. मी पिन काढली, नट सैल केला आणि तसंच सोडलं. नंतर त्याच्यावर ढकललं. पुरं नाव लिहिलं, सही केली.  त्याखाली अबू सैफ यांनी अरबीत दोन ओळी लिहिल्या. हसन कुराण शिकलेला, त्याला ती लिपी येते, आणि इतकी वर्षं तिकडं काढून भाषाही. त्यानं त्या वाचल्या. काय लिहिलंय ते मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग गाडी बघायला गेलो. तांबडी तशीच होती, पुढचा पत्रा नवा बसवलेला. खुब्यामुळं अबू सैफ यांना क्लच दाबवत नाही. घरचा ड्रायव्हर आठवड्यातून एकदा फिरवतो आणि इंजिन उगाच रेटतो, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी किल्ली हसनपुढं धरली. हसननं आधी घेतली नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, डाव्या चाकापाशी वाकला, झोपून खाली बघितलं, हात आत घातला. उठला तेव्हा कोपराला ग्रीस लागलं होतं. त्यानं किल्ली घेतली.

गाडी तशी दोघांचीच. मागची सीट पिशव्या ठेवण्यापुरती. मी व्हिलाच्या सावलीत उभा राहिलो आणि ती त्या दोघांना घेऊन फाटकाबाहेर गेली. तेल तापलेलं नसलं की या गाडीचा दुसरा गिअर मागायचा नाही, मागितला तर ती दात खाते. ज्याला ठाऊक आहे तो पहिल्यावरून सरळ तिसऱ्यावर जातो आणि मधली उणीव पायानं सांभाळतो. घरच्या ड्रायव्हरला ते माहीत नव्हतं. मी कान दिला. पहिला ओढला, थोडा थांबला आणि खर्र न होता गाडी तिसऱ्यात पडली. रस्त्याच्या टोकापर्यंत तो आवाज मला ऐकू येत होता.

पाऊण तासानं परत आले. अबू सैफ हसत होते. हसन उतरला, माझ्याजवळ आला, आणि सकाळनंतर प्रथमच माझ्याकडं बघून बोलला.

“मास्तर, अरबाबचा ड्रायव्हर तुम्हाला बस स्टँडवर सोडील. डावा कार्ब्युरेटर चुकतोय. मला इथं वेळ लागेल.”

मी बघतो म्हणणार होतो. अबू सैफ यांना सलाम केला आणि निघालो. फाटकापर्यंत पोचलो तोवर मागं बॉनेट उघडल्याचा आवाज आला होता.